केंद्रकातील लिपिडे आणि जनुकांचे नियमन : कलेजीपासून निष्कर्षापर्यंत

पेशीच्या केंद्रकात अमुक लिपिड (स्निग्ध पदार्थांच्या वर्गातला रेणू) सापडले असे कोणी सांगितले की त्याला पहिला प्रश्न विचारायचा तो एकच : ते केंद्रकातलेच होते, हे कशावरून? पेशीतले प्रत्येक पटल लिपिडांचे बनलेले असते, पेशी फोडली की या पटलांचे तुकडे इतस्ततः होतात, आणि त्यांतले काही केंद्रकाला असे चिकटून बसतात की तीनचारदा धुऊनही सुटत नाहीत. या एका शंकेमुळे केंद्रकातील लिपिडांचा विषय कित्येक वर्षे संशयाच्या छायेत राहिला, आणि आजही या क्षेत्रातला कोणताही शोधनिबंध वाचताना अनुभवी वाचक निष्कर्षाआधी शुद्धतेचा तक्ता शोधतो. पुण्यात जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून केंद्रके वेगळी करून त्यांतली लिपिडे तपासण्याचे प्रात्यक्षिक मी गेली काही वर्षे करून घेत आहे. ते घरच्या घरी करण्याचे नव्हे, परंतु साध्या सोयी असलेल्या महाविद्यालयात जमण्यासारखे नक्कीच आहे. हा लेख त्याच विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी लिहिला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

केंद्रकाचे आवरण दुहेरी असते आणि त्याचा बाहेरचा पदर आंतर्द्रव्यजालिकेशी, म्हणजे पेशीद्रव्यातील पटलांच्या जाळ्याशी, सलग जोडलेला असतो, हे आपण शाळेपासून शिकतो. आवरणात लिपिडे आहेत यात त्यामुळे नवल नाही. नवल वाटले ते आवरणाच्या आत, म्हणजे पटल नसलेल्या जागीही लिपिडे असावीत या कल्पनेचे. स्मिथ आणि वेल्स यांनी १९८३ मध्ये उंदराच्या यकृतातील केंद्रकांच्या आवरणावर फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल या लिपिडाला फॉस्फेट जोडले जाते, असे दाखवले. बोलोन्याचे लूचो कोक्को आणि केंब्रिजचे रॉबिन अर्वाइन यांच्या गटाने १९८७ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी एरिथ्रोल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींतील केंद्रकांचे आवरण डिटर्जंटने काढून टाकले आणि तरीही उरलेल्या भागात पीआयपी आणि पीआयपी-२ (फॉस्फॅटिडिलइनोसिटॉलला अनुक्रमे एक आणि दोन फॉस्फेट जोडलेली) ही लिपिडे तयार होत असल्याचे, शिवाय पेशींचे विभेदन झाल्यावर, म्हणजे त्या विशिष्ट कामासाठी घडल्यावर, हे प्रमाण बदलत असल्याचे नोंदवले. आवरण नसतानाही लिपिड आहे, ते बनवणारे विकर (एन्झाइम) आहे आणि पेशीच्या अवस्थेनुसार त्यात फरक पडतो, या तीन गोष्टी एकत्र आल्यावर शंकेखोरांनाही थांबून विचार करावा लागला.

त्यानंतर जे चित्र उभे राहिले, त्यात लिपिडे जनुकांवर निरनिराळ्या वाटांनी परिणाम करतात असे दिसते. प्रयोगाला हात घालण्यापूर्वी या वाटा वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या प्रकारे गोळा करावा लागतो.

सर्वांत ओळखीची वाट केंद्रकीय ग्राहकांची आहे. स्टेरॉइड संप्रेरके, ड जीवनसत्त्व, कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण होऊन बनणारे ऑक्सिस्टेरॉल, पित्ताम्ले आणि मेदाम्ले ही सगळी लहान आकाराची, पाण्याचा तिटकारा असलेली रेणूमंडळी ग्राहक प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतात. त्या बसण्याने प्रथिनाचा आकार बदलतो, जनुक दाबून ठेवणारी सहप्रथिने सुटतात आणि वाचन वाढवणारी जोडली जातात. ऑक्सिस्टेरॉलसाठी एलएक्सआर, पित्ताम्लांसाठी एफएक्सआर, मेदाम्लांसाठी पीपीएआर हे ग्राहक आहेत. एसएफ-१ या ग्राहकाची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्याच्या खोबणीत पटलात राहणारे फॉस्फोलिपिडच मावते, आणि त्याचे डोके बाहेर डोकावत असते. ते तिथे बसलेले असतानाच एक विकर त्याला आणखी एक फॉस्फेट जोडते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले. म्हणजे जे काम एरवी पटलाच्या पृष्ठभागावर होते, ते इथे एका प्रथिनाच्या कुशीत होते.

दुसरी वाट पीआयपी-२ आणि त्याच्या भावंडांची. क्रोमॅटिनची, म्हणजे डीएनए आणि त्याच्या प्रथिनांच्या गुंत्याची, मांडणी बदलणारे बीएएफ हे प्रथिनांचे संकुल, रोगप्रतिकार करणारी टी-पेशी जागी झाल्यावर क्रोमॅटिनला चिकटते, आणि त्या चिकटण्यात पीआयपी-२ चा हात असतो, हे १९९८ मध्ये कळले. त्याच वर्षी केंद्रकातील ठिपक्यांसारख्या भागांत, ज्यांना स्पेकल म्हणतात, या लिपिडाशी संबंधित विकरे सापडली. आयएनजी-२ या प्रथिनाचा पीएचडी फिंगर हा भाग पीआय-५-पी हे याच कुळातले लिपिड ओळखतो हे २००३ मध्ये, तर आरएनएला पॉली-ए शेपूट जोडणारे स्टार-पॅप हे विकर पीआयपी-२ ने उत्तेजित होते हे २००८ मध्ये पुढे आले. २०१८ मध्ये प्रागच्या संशोधकांनी ४० ते १०० नॅनोमीटर आकाराच्या पीआयपी-२ च्या बेटांचे वर्णन केले, ज्यांच्या कडेला जनुकवाचन चाललेले दिसते. स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हे लिपिड डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील ॲसिटिल गट काढणाऱ्या एचडॅक-१ आणि एचडॅक-२ यांना थेट चिकटून त्यांचे काम मंदावते, हा २००९ चा शोधही याच माळेतला.

तिसऱ्या वाटेवर लिपिड हा दोरखंड असतो. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन या प्रथिनांच्या शेपटीला फार्नेसिल नावाची लिपिड साखळी जोडली जाते आणि तिच्या आधाराने ती आतल्या पटलाला टेकतात. क्रोमॅटिनचा मोठा, बहुतांशी मूक असलेला भाग याच लॅमिनच्या जाळ्यालगत असतो. प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या विकारात लॅमिन-ए मधून ही साखळी कापून टाकण्याची जागाच नाहीशी होते, प्रथिन पटलाला कायमचे खिळून राहते आणि केंद्रकाचा आकार वेडावाकडा होतो. त्यामागचे उत्परिवर्तन २००३ मध्ये सापडले, आणि साखळी जोडणारे विकर रोखणाऱ्या लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

चौथी वाट कच्च्या मालाची, आणि ती थोडक्यात सांगतो. हिस्टोनवर बसणारा ॲसिटिल गट ज्या ॲसिटिल-कोए पासून येतो, त्यापासूनच मेदाम्ले बनतात आणि मेदाम्ले जाळली की तोच पुन्हा मिळतो. चयापचय आणि जनुकवाचन यांची तिजोरी अशी एकच आहे.

आता एक चकवा. एसआरईबीपी हे प्रथिन कोलेस्टेरॉल कमी झाले की आंतर्द्रव्यजालिकेतून गॉल्गी संकुलाकडे जाते, तिथे दोनदा कापले जाते आणि त्याचा सुटा तुकडा केंद्रकात शिरून एलडीएल ग्राहकासारखी जनुके चालू करतो. यात कोलेस्टेरॉलचा जनुकांवर परिणाम होतो हे शंभर टक्के खरे, पण कोलेस्टेरॉल केंद्रकात शिरून हे करत नाही. यीस्टमधले ओपी-१ प्रथिनही असेच आहे : फॉस्फॅटिडिक आम्ल भरपूर असते तोवर ते आंतर्द्रव्यजालिकेला चिकटून बाहेर थांबते, आम्ल घटले की केंद्रकात जाऊन आयएनओ-१ जनुक बंद करते. परिणाम केंद्रकात, पण लिपिड बाहेर. विद्यार्थ्यांची निम्मी गफलत इथेच होते.

पायरी पहिली : प्रश्न वहीत एका वाक्यात लिहावा

‘केंद्रकातील लिपिडांचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते मथळ्याचे शीर्षक झाले. ‘यकृताच्या केंद्रकांचे बाहेरचे पटल काढल्यावर फॉस्फॅटिडिलकोलिन उरते का, आणि उरल्यास प्रति मिलिग्रॅम डीएनए किती?’ हा प्रश्न झाला. असे वाक्य लिहिले की काय मोजायचे, कशाच्या तुलनेत मोजायचे आणि कोणती तुलना नसेल तर सगळे फुकट जाईल, हे आपोआप समोर येते.

पायरी दुसरी : यकृत आणणे

प्रयोगशाळेतील उंदरांसाठी नैतिक समितीची परवानगी लागते. पदव्युत्तर प्रात्यक्षिकासाठी बोकडाचे यकृत पुरेसे होते. मटणाच्या दुकानात सकाळी लवकर, पहिला माल लागत असतानाच जावे आणि थर्मासमध्ये बर्फात गार केलेले ०.२५ मोलर सुक्रोजचे द्रावण सोबत न्यावे. यकृत म्हणून मागाल तर दुकानदार गोंधळात पडतो. कलेजी म्हणावे आणि तुकडे न करता अख्खी पाळी मागावी. आमच्या नेहमीच्या मटणवाल्या मामांनी पहिल्या वेळी सवयीने कलेजीचे चौकोनी तुकडे करून, वर हळद लावून दिले होते, आणि ‘सर, लवकर शिजेल’ असेही सांगितले. हळदीतला कुर्क्युमिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतो, त्यामुळे त्या दिवशीचा अर्क सोन्यासारखा पिवळा आला आणि टीएलसीच्या (पातळ थरावर पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीच्या) प्लेटवर पुढे धावणारा एक देखणा पिवळा ठिपकाही मिळाला. तेव्हापासून ‘मामा, हळद नको’ हे वाक्य आमच्या कृतीच्या कागदावर पहिल्या ओळीत आहे.

एक मर्यादा इथेच मान्य करून टाकावी. प्राणी मेल्यावर रक्तपुरवठा थांबतो आणि पीआयपी-२ सारखी लिपिडे काही मिनिटांतच तुटू लागतात, मुक्त मेदाम्ले आणि डायग्लिसराइड वाढतात. दुकानातून आणलेल्या यकृतावर फॉस्फॅटिडिलकोलिन, फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन, कोलेस्टेरॉल अशा ठणठणीत लिपिडांबद्दल बोलता येते. पीआयपी-२ च्या आकड्यांबद्दल बोलू नये.

पायरी तिसरी : केंद्रके वेगळी करणे

ब्लोबेल आणि पॉटर यांची १९६६ ची पद्धत आजही सर्वांत विश्वासाची आहे. टीकेएम बफर म्हणजे ५० मिलिमोलर ट्रिस, सामू ७.५, २५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. मॅग्नेशियम विसरल्यास केंद्रके फुगतात, फुटतात आणि बाहेर पडलेल्या डीएनएमुळे सगळे मिश्रण शेंबडासारखे चिकट होते. मग पुढे काहीही करता येत नाही.

सुक्रोजची दोन द्रावणे लागतात, ०.२५ मोलर आणि २.३ मोलर, दोन्ही टीकेएममध्ये. दुसऱ्याच्या १०० मिलीलिटरसाठी ७८.७ ग्रॅम सुक्रोज लागते, आणि पाण्याला उरलेली जागा पाहिली की विद्यार्थी घाबरतात, कारण सर्व द्रव मिळून ५० मिलीलिटरच्या आसपासच मावतो. १० मिलीलिटर दहापट तीव्र टीकेएम आणि थोडे पाणी आधी घ्यावे, सुक्रोज थोडे थोडे घालत मंद कोमट तापमानावर ढवळावे, आणि शेवटी १०० वर आणावे. पाक उकळू देऊ नये. गुलाबजामाच्या पाकासारखे दिसणारे हे द्रावण साध्या पिपेटच्या टोकातून नीट येत नाही. टोक कापून रुंद करावे किंवा सिरिंज वापरावी.

आता कलेजी गार द्रावणात धुऊन, कात्रीने बारीक चिरून, १० ग्रॅमला २० मिलीलिटर ०.२५ मोलर सुक्रोज या प्रमाणात टेफ्लॉनच्या मुसळीच्या होमोजिनायझरमध्ये बर्फावर घोटावी. दहा-बारा वेळा सावकाश वरखाली पुरे. जोर लावून घोटले तर पेशींसोबत केंद्रकेही फुटतात. मिश्रण मलमलीच्या चार पदरांतून गाळावे, पिळू नये. गाळलेल्या एका भागात २.३ मोलर सुक्रोजचे दोन भाग मिसळावेत, म्हणजे मिश्रण सुमारे १.६२ मोलर होते. नळीत हे मिश्रण भरून त्याच्या तळाशी सिरिंजने २.३ मोलर सुक्रोजचा थर हळूच सोडावा आणि गुरुत्वाच्या सुमारे १,२४,००० पट बलाने अर्धा तास फिरवावे. आंतर्द्रव्यजालिकेचे, तंतुकणिकांचे (मायटोकाँड्रियाचे) आणि प्रद्रव्यपटलाचे (पेशीच्या बाहेरच्या पटलाचे) तुकडे जड द्रावणात तरंगत वर राहतात. केंद्रके डीएनएमुळे सर्वांत घन असल्याने पाकातून खाली उतरून तळाशी पांढरट पेलेट बनवतात.

एवढ्या वेगाचे अल्ट्रासेंट्रिफ्यूज सर्वत्र नसते. शहरात मोठ्या संशोधन संस्था आहेत, त्यांच्याकडे आधी विचारणा करून वेळ मिळवता येतो, पण गुरुवार टाळावा, कारण देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा तो पुण्यातला ठरलेला वार आहे आणि अर्ध्या वाटेत थांबलेले सेंट्रिफ्यूज म्हणजे संपलेला प्रयोग. साध्या शीत सेंट्रिफ्यूजवर १,००० पट बलाने १० मिनिटे फिरवून, तीनदा धुऊनही केंद्रके मिळतात, मात्र ती कच्ची असतात आणि पुढच्या पायरीवर त्यांची चाचणी अधिक कसून घ्यावी लागते.

पायरी चौथी : शुद्धता तपासणे

या पायरीवर घाई करू नये; सबंध लेखात एकच पायरी नीट वाचायची असेल तर ती हीच.

प्रथम सूक्ष्मदर्शक. पेलेटचा एक थेंब मिथिलीन ब्लूमध्ये मिसळून ४० पट भिंगाखाली पाहावा. स्वच्छ केंद्रके गोल, कडा नीट, आत एक-दोन गडद केंद्रिका अशी दिसतात. कडेला फाटक्या कापडाच्या दशा लोंबाव्यात तसे तुकडे दिसले तर ते पेशीद्रव्य आहे, परत धुवावे.

त्यानंतर खूण सांगणारी विकरे. तंतुकणिकांसाठी सक्सिनेट डिहायड्रोजिनेज, प्रद्रव्यपटलासाठी ५-प्राइम न्यूक्लिओटायडेज, पेशीद्रव्यासाठी लॅक्टेट डिहायड्रोजिनेज. पूर्ण मिश्रणात जेवढी क्रियाशीलता होती त्याच्या किती टक्के पेलेटमध्ये राहिली, हे मोजावे. आंतर्द्रव्यजालिकेसाठी पुस्तकात ग्लुकोज-६-फॉस्फेटेज दिलेले असते, आणि तिथे सापळा आहे : केंद्रकाचा बाहेरचा पदर आंतर्द्रव्यजालिकेशी सलग असल्याने हे विकर त्यावरही असते. त्यामुळे पेलेटमध्ये ते दिसले म्हणून केंद्रके अशुद्ध आहेत असे ठरत नाही, आणि बाहेरचा पदर काढल्यावरही ते तेवढेच दिसले तर मात्र काहीतरी चुकले आहे.

सर्वांत मोलाची खूण लिपिडांतच दडलेली आहे. कार्डिओलिपिन हे लिपिड तंतुकणिकांच्या आतल्या पटलाची जणू सही असते. तुमच्या केंद्रकांच्या अर्कात कार्डिओलिपिनचा ठिपका आला तर तंतुकणिका सोबत आल्या आहेत, आणि त्यांनी आणलेले बाकीचे लिपिडही तुमच्या आकड्यात मिसळले आहे. ही चाचणी फुकटात मिळते, कारण टीएलसी तुम्ही करणारच असता. एका वर्षी आमच्या एका गटाला केंद्रकांत फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन भरपूर मिळाल्याचा आनंद झाला होता. त्याच प्लेटवर वरच्या बाजूला कार्डिओलिपिनचा ठिपका स्पष्ट उमटला होता आणि तो कोणी पाहिलाच नव्हता, मीसुद्धा दुसऱ्या दिवशी पाहिला.

मोजमाप नेहमी डीएनएच्या तुलनेत सांगावे. डायफिनिलअमाइनची पद्धत जुनी पण भरवशाची आहे. द्विगुणित सस्तन पेशीत साधारण ६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे १ मिलिग्रॅम डीएनए जवळजवळ १७ कोटी केंद्रकांचा होतो; यकृतात काही पेशी चतुर्गुणित असल्याने प्रत्यक्ष संख्या याहून कमी भरेल. हा हिशेब वहीत मांडला की लिपिडाचा आकडा एका केंद्रकामागे किती, हे डोळ्यांसमोर येते आणि अशक्य आकडे लगेच ओळखता येतात.

पायरी पाचवी : बाहेरचे पटल काढणे

केंद्रकांचे दोन समान भाग करावेत. एक तसाच ठेवावा; दुसऱ्यात ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटचे प्रमाण ०.५ टक्का होईल असे मिसळून बर्फावर ५ ते १० मिनिटे ठेवावे, मग हलक्या वेगाने फिरवून टीकेएममध्ये किमान तीनदा धुवावे. ट्रायटन उरला तर टीएलसीच्या प्लेटवर लांबलचक पट्टा ओढला जातो आणि त्याखाली सगळे झाकले जाते. तिसरा, सहसा विसरला जाणारा नमुनाही ठेवावा : तंतुकणिका आणि पटलांचे तुकडे असलेला वरचा द्रव, ज्याला तेवढाच ट्रायटन दिला आहे. डिटर्जंट लिपिडे एका जागेवरून उचलून दुसरीकडे बसवू शकते, हा आक्षेप योग्य आहे आणि तो या नमुन्याने निदान तपासता येतो.

पायरी सहावी : लिपिड काढणे

ब्लाय आणि डायर यांनी १९५९ मध्ये मासळीसाठी तयार केलेली कृती इथे चालते. केंद्रकांच्या १ मिलीलिटर द्रावात क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांचे १:२ मिश्रण ३.७५ मिलीलिटर घालून चांगले हलवावे. मिश्रण एकजीव दिसले पाहिजे. मग १.२५ मिलीलिटर क्लोरोफॉर्म, पुन्हा हलवणे, मग १.२५ मिलीलिटर पाणी, आणि थोडे फिरवणे. खालचा थर क्लोरोफॉर्मचा, त्यात लिपिडे, वरचा पाण्याचा, मध्ये प्रथिनांची साय. काचेच्या पिपेटने साय न छेडता खालचा थर काढावा.

फॉस्फेटचा भार जास्त असलेली पीआयपी आणि पीआयपी-२ साध्या पाण्यासोबत वरच्या थरात किंवा सायीत अडकून राहतात. ती हवी असतील तर पाण्याऐवजी १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे लागते.

सर्व भांडी काचेची, झाकणे टेफ्लॉनची. क्लोरोफॉर्म पॉलिस्टायरिनच्या नळ्या विरघळवतो, आणि विरघळलेले प्लॅस्टिक प्लेटवर फार अस्सल दिसते. हे सर्व फ्यूम हूडमध्येच करावे, अर्क नायट्रोजनच्या मंद झोतात सुकवावा, आणि उरलेला क्लोरोफॉर्म मोरीत न ओतता हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या बाटलीत जमा करावा.

पायरी सातवी : प्लेट वाचणे

सिलिका जेलच्या प्लेटवर क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी ६५:२५:४ या प्रमाणात चालवावे. कोलेस्टेरॉल आणि इतर उदासीन लिपिडे पुढच्या कडेबरोबर धावतात, त्यामागे कार्डिओलिपिन, मग फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन, मग फॉस्फॅटिडिलकोलिन आणि मागे स्फिंगोमायलिन राहते. फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल आणि फॉस्फॅटिडिलसेरिन हे कोलिनच्या आसपास घोटाळतात, त्यामुळे त्यांचे नाव केवळ जागेवरून ठरवू नये. शेजारी प्रमाणित लिपिडांची ओळ चालवावीच. आयोडीनच्या वाफेत सगळे ठिपके तपकिरी होतात. निनहायड्रिनने फक्त अमाइन गट असलेले जांभळे होतात. मॉलिब्डेनमच्या फवाऱ्याने फॉस्फेट असलेले निळे. कोलेस्टेरॉलसाठी हेक्सेन, डायइथिल ईथर आणि ॲसिटिक आम्ल ८०:२०:१ अशी वेगळी प्लेट चालवावी.

ठिपका खरवडून त्यातले फॉस्फरस मोजले आणि त्याला २५ ने गुणले की फॉस्फोलिपिडाचे अंदाजे वजन मिळते. या मोजणीत परक्लोरिक आम्लाने पचन करावे लागते. ते शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि योग्य हूडमध्येच व्हावे.

पायरी आठवी : जनुकापर्यंत पोचणे

इथपर्यंत फक्त ‘आहे की नाही’ एवढे कळले. ‘काय करते’ हे पाहण्यासाठी पेशी संवर्धन लागते. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून हेप-जी-२ या यकृतपेशी मिळू शकतात, आणि त्यांच्यावर एक असा प्रयोग करता येतो, जो वर सांगितलेल्या चकव्यासकट सगळा विषय दाखवून देतो.

पेशींना लिपोप्रथिने काढून टाकलेल्या सीरममध्ये १६ तास ठेवावे. मग एका तबकडीत फक्त इथेनॉल, दुसरीत २५-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, तिसरीत एलएक्सआरला उत्तेजित करणारे जीडब्ल्यू-३९६५ हे संयुग १ मायक्रोमोलर. इथेनॉलचे प्रमाण तिन्हींत सारखे आणि ०.१ टक्क्याच्या आत. आणखी १६ तासांनी आरएनए काढून क्यूपीसीआरने (जनुकाच्या आरएनए-प्रती मोजण्याच्या पद्धतीने) एलडीएल ग्राहक, एचएमजी-कोए रिडक्टेज आणि एबीसीए-१ या तीन जनुकांचे वाचन मोजावे; तुलनेसाठी एक नव्हे, दोन स्थिर जनुके, म्हणजे ज्यांचे वाचन बदलत नाही अशी, घ्यावीत.

दुसऱ्या तबकडीत पहिली दोन जनुके घटतात आणि तिसरे वाढते. एकाच लिपिडाने दोन उलट परिणाम केले. घट झाली ती २५-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल आंतर्द्रव्यजालिकेतील इन्सिग या प्रथिनाला चिकटून एसआरईबीपीला तिथेच अडकवते म्हणून, म्हणजे केंद्रकाच्या बाहेरून. वाढ झाली ती तेच लिपिड केंद्रकात एलएक्सआरच्या खोबणीत बसते म्हणून. तिसऱ्या तबकडीत एबीसीए-१ वाढते, पण पहिल्या दोन जनुकांत तशी घट दिसत नाही, कारण ते संयुग इन्सिगकडे जात नाही. हे तीन स्तंभ शेजारी मांडले की विद्यार्थ्याला ‘लिपिडाने जनुक बदलले’ या वाक्यात दोन निरनिराळी वाक्ये लपलेली दिसतात.

पुण्यात या विषयावर बोलले की व्याख्यानानंतर कोणीतरी डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा दाखला देतोच. केईएम रुग्णालयाच्या त्यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर मातांचा अभ्यास केला आणि इथली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने हलकी, सुमारे २.७ किलोग्रॅमची, तरी अंगावरच्या चरबीत त्या मानाने फारशी मागे नसतात, हे दाखवले. ते काम मोलाचे आहे. पण त्यावरून ‘आईच्या पेशीकेंद्रकातल्या लिपिडांनी बाळाची जनुके बदलली’ असे म्हणणे म्हणजे पहिल्या पायरीवरून थेट गच्चीवर उडी मारणे होय. त्या अभ्यासाचा प्रश्न वेगळा होता.

पायरी नववी : कारण सिद्ध करणे

सहसंबंधाच्या पुढे जायचे तर तीन गोष्टी लागतात, आणि वरच्या कामांतून त्या शिकता येतात. पहिली, लिपिड बनवणारे विकर काढून टाकणे किंवा त्याचे क्रियाकेंद्र निकामी करणे : स्फिंगोसिन-१-फॉस्फेटच्या बाबतीत स्फिंगोसिन कायनेज-२ चे निष्क्रिय रूप वापरले गेले. दुसरी, लिपिडाला चिकटणाऱ्या प्रथिनातील चिकटण्याची जागाच बदलणे, बाकी प्रथिन तसेच ठेवून. तिसरी, काढून घेतलेले परत देऊन परिणाम परत येतो का, हे पाहणे. यांतली दुसरी सर्वांत अवघड आणि सर्वांत निर्णायक असते, कारण विकर काढले की केंद्रकाबाहेरची लिपिडेही बदलतात.

प्रतिमांवर विसंबताना जास्त सावध राहावे. फॉर्मल्डिहाइड प्रथिने जागच्या जागी बांधते, पण अमाइन गट नसलेली बहुतेक लिपिडे त्याने बांधली जात नाहीत. पेशी स्थिर केल्यानंतरही ती सरकतात, आणि पेशीला भोके पाडण्यासाठी ट्रायटन वापरला तर धुऊनही जातात. पीआयपी-२ चे प्रतिपिंड (अँटिबॉडी) वापरून केंद्रकात ठिपके दिसले तर दोन तुलना हव्याच : प्रतिपिंडाला आधी शुद्ध पीआयपी-२ सोबत ठेवून मग वापरले असता ठिपके नाहीसे होतात का, आणि शेजारच्या, पीआयपी-२ सारख्याच भाराच्या दुसऱ्या लिपिडासोबत ठेवल्यावर ते तसेच राहतात का. पहिले होऊन दुसरे न झाले, तर तुमचे प्रतिपिंड फॉस्फेटच्या भारालाच चिकटत आहे, आणि केंद्रकात आरएनए व डीएनएच्या रूपाने तो भार ओतप्रोत भरलेला असतो.

प्रयोगवहीत निष्कर्ष लिहिताना आम्ही एक नमुना वाक्य देतो : ‘ट्रायटनने बाहेरचे पटल काढल्यावर, कार्डिओलिपिनचा ठिपका न आढळलेल्या केंद्रक-अंशात, प्रति मिलिग्रॅम डीएनए इतके मायक्रोग्रॅम फॉस्फॅटिडिलकोलिन उरले.’ जागा फक्त आकड्याची रिकामी असते. कार्डिओलिपिनचा ठिपका आला असेल तर ते वाक्य वापरता येत नाही आणि विद्यार्थ्याला नवे वाक्य स्वतः रचावे लागते. मागच्या वर्षी सहापैकी दोन गटांना ते रचावे लागले, आणि त्यांच्या वह्या बाकीच्यांपेक्षा वाचनीय झाल्या.